गादी आणि वय

तळोजा-पनवेल परिसरातील जुन्या पेढीवर वडीलधारे शेठजी आजही गादीवर बसलेले दिसतात. तिजोरीची किल्ली मुलाकडे गेलेली असते, धनादेशावर नातवाची सही चालते. उधारी कोणाला द्यावी, हे विचारायला मात्र सारे त्यांच्यापाशीच येतात. व्यापारी घराने सोडवलेला हा प्रश्न राजकारणाने अजून सोडवलेला नाही.

विधानसभेसाठी किमान वय २५ आहे. कमाल वय नाही. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी निवृत्त होतात. आमदाराच्या प्रकृतीविषयी राज्यघटना एवढेच म्हणते की, सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलेली व्यक्ती अपात्र.

मग कमाल वय ठरवून टाकावे काय? पनवेलला दि. बा. पाटलांमुळे शेतकरी कामगार पक्ष परिचित आहे. त्याच पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये प्रथम निवडून आले आणि सांगोल्याने त्यांना ११ वेळा विधानसभेत पाठवले. ऐंशी ओलांडल्यावरही ते निवडून येत राहिले. २०१९ मध्ये मात्र उमेदवारीपासून दूर राहिले. वयाची अट असती, तर नुकसान सांगोल्याचेच झाले असते.

गोव्यातील उदाहरण याहून अवघड आहे. २०१८ च्या प्रारंभी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर स्वादुपिंडाच्या विकाराने आजारी पडले, तेव्हा ते अवघे ६२ वर्षांचे होते. उपचारांसाठी अमेरिकेस जाताना त्यांनी तीन मंत्र्यांची सल्लागार समिती नेमली. पद स्वतःकडेच राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रान्सिस डिसोझा आणि पांडुरंग मडकईकर या दोन मंत्र्यांना आजारपणामुळे मंत्रिमंडळातून वगळण्यात आले. डिसोझा तर त्या समितीचे सदस्य होते! मंत्र्याला लागू झालेला न्याय मुख्यमंत्र्याला लागू झाला नाही. जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असताना पर्रीकरांनी अर्थसंकल्प मांडला. १७ मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जिद्दीपुढे मान झुकते, हे खरेच. तथापि रुग्णाचे धैर्य आणि राज्याचा कारभार या दोन वेगळ्या वह्या आहेत. एकीतील जमा दुसरीत मांडता येत नाही.

प्रत्येक व्याधी चव्हाट्यावर आणावी, असा याचा अर्थ नव्हे. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला मतदाराने का जाब विचारावा? परंतु उमेदवार शपथपत्रात मालमत्ता, कर्ज आणि खटले लिहून देतो. आपण दीर्घकाळ अंथरुणास खिळलो, तर सही कोणाची चालेल, हे मात्र तो कोणासही लिहून देत नाही. पेढीवर ते पत्र शेठजी हिंडते-फिरते असतानाच तयार होते.