द्राक्षाला धोरण, ज्वारीला पोलीस



२७ जानेवारी २०२२ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला. कारण काय सांगितले? द्राक्षाला भाव मिळावा, शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे यावेत. त्यावर गदारोळ झाला, निर्णय कागदावरच राहिला, ते सोडून देऊ. सरकारच्या तोंडून निसटलेले एक वाक्य मात्र आम्ही गाठीला बांधून ठेवले आहे. पिकाचे पेय केले तर पिकाला भाव मिळतो, हे सरकारला मान्य आहे. मान्य आजचे नाही, २००१ साली या राज्याने वाईनचे खास धोरण केले तेव्हापासूनचे आहे.

मग कोरडवाहू ज्वारीने कोणाचे घोडे मारले?

ज्वारीचे पेय होत नाही असे नाही. होते, पण कारखान्यात. २००७ साली सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देऊ केले. लायसेन्सांच्या यादीत पुढाऱ्यांची घरे किती, यावर त्या काळी वर्तमानपत्रांचे रकाने भरले. या कारखान्यांना ज्वारी हवी कोणती? काळी पडलेली. खरिपाची ज्वारी कणसात भरली, काढणीला पाऊस लागला, दाण्यावर बुरशी चढली की बाजारात तिच्याकडे कोणी बघत नाही. मग ती मातीमोलाने कोंबड्यांच्या खाद्याला नाहीतर दारूच्या कारखान्याला. म्हणजे आमचे नुकसान हाच त्यांचा कच्चा माल. आणि आपल्याच घरच्या चांगल्या ज्वारीचे एक मडके कोणी आंबवून बिअर केली, तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तो गुन्हा. धान्य तेच. फरक एवढाच की एकाच्या भिंतीवर लायसेन्स टांगलेले आहे.

इथे सभेतल्या मायबहिणी उठतील. म्हणतील, दारूने आमचे संसार मोडले आणि तुम्ही बिअरच्या गोष्टी काय सांगता? प्रश्न रास्त आहे, त्याला बगल देऊन पुढे जाणार नाही. पण ज्या दारूने संसार मोडले ती घरच्या ज्वारीची होती का? ती देशी दुकानातली, लायसेन्सची, सरकारला महसूल देणारी. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे मेली, ती कारखान्यात वापरायचे मिथेनॉल पाजल्यामुळे. मडक्यात आंबवलेल्या धान्यातून तेवढे मिथेनॉल तयारच होत नाही. तरीही बिअर म्हणजे ताक नव्हे. पिणारा तिच्यावरही झिंगतो, घरात मारझोड करणारा ती पिऊनही करील. म्हणून या मागणीत बायांचा शब्द शेवटचा असला पाहिजे. तो कसा, ते पुढे सांगतो.

त्याआधी दक्षिण आफ्रिकेकडे बघा. तिथेही ज्वारी पिकते आणि तिथल्या बाया पिढ्यान्पिढ्या घरी ज्वारीची बिअर करीत आल्या. खोसा भाषेत तिला उम्कोंबोथी म्हणतात. १९०८ साली नाताळच्या गोऱ्या सरकारने कायदा केला, त्याने शहरांत ही बिअर करण्या-विकण्याचा मक्ता नगरपालिकेला घेता आला. डर्बन शहराने तो लगेच घेतला. बायांच्या मडक्यांवर धाडी, आणि नगरपालिकेच्या बिअर हॉलमध्ये त्यांच्याच नवऱ्यांचा पगार गोळा. त्या पैशातून काळ्या लोकांवर हुकमत चालवणाऱ्या खात्याचा खर्च निघे. १९२९ साली नाताळच्या गावोगावी बाया काठ्या घेऊन बिअर हॉलवर चालून गेल्या. १९५९ साली डर्बनजवळ केटो मॅनरला पुन्हा तेच झाले. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, दारूबंदीचे आंदोलन. त्यांचा राग होता तो त्यांचे मडके फोडून सरकारने स्वतःचे दुकान मांडले यावर. आपल्याकडे १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीच्या आणि मोहाच्या बाबतीत हीच चाल खेळली होती. इंग्रज गेला, अबकारी राहिली.

आता ही बिअर होते कशी, ते सांगू. शेतीशास्त्र शिकलेल्या माणसांनी नुसत्या घोषणा देऊ नयेत.

निरोगी, अखंड ज्वारी एक दिवस भिजवतात, पाणी दोन-तीनदा बदलतात. मग सावलीत ओल्या गोणपाटावर पसरून चार-पाच दिवस मोड येऊ देतात, वरून पाणी शिंपडतात, हाताने परततात, नाहीतर ढीग तापतो आणि बुरशी धरते. मोड आले की उन्हात कडक वाळवून, चोळून, कोंब आणि मुळ्या पाखडून टाकतात. हे काम कधीही टाळू नये. कोवळी ज्वारी खाऊन जनावर का मरते हे तुम्हाला कोणी शिकवायला नको; तेच विष या कोंबांत असते. आणि काळी पडलेली ज्वारी यासाठी घ्यायचीच नाही. बुरशीचे विष मोड आणून जात नाही, उकळूनही जात नाही. उरलेला दाणा जाडसर दळला की झाला ज्वारीचा माल्ट.

पुढचे अर्धे काम तुमच्या घरात रोज होते. पीठ कोमट पाण्यात कालवून रात्रभर आंबवतात आणि सकाळी शिजवतात, म्हणजे आपली आंबीलच. ती कोमट झाली की त्यात माल्टचे पीठ घालतात. माल्ट उकळत्या आंबिलीत पडला तर त्यातला पाचक रस मरतो आणि सगळे वाया जाते. बरोबर पडला तर काही तासांत घट्ट आंबील पातळ आणि गोड होते. त्या गोडाचा पुढे एक-दोन दिवसांत मद्यार्क होतो, शेकडा दोन-तीनच्या आसपास. गाळून लगेच पितात, कारण ही बिअर दोन-चार दिवसांपलीकडे टिकत नाही.

मद्यार्क होण्याआधी थांबलात तर कुठलाही कायदा मोडत नाही. गोड झालेली ती पातळ आंबील पुन्हा एक उकळी देऊन लेकराला भरवली तर त्याच वाटीत जास्त पीठ पोटात जाते. माल्ट करायला आजही बंदी नाही, तेवढे तरी या हंगामात घरोघर करून बघा.

यात हॉप्स कुठे आहे, असे शिकलेली पोरे विचारतात. नाही, आणि लागतही नाही. हॉप्स ही थंड मुलखातली वेल. तिच्या मादी फुलातल्या पिवळ्या भुकटीने जवाच्या बिअरला कडवटपणा येतो आणि ती नासत नाही. ज्वारीच्या बिअरमध्ये राखणदारीचे काम आंबटपणा करतो. अमेरिकेत घरी बिअर करणारे लोक परसात दोरीवर पंधरा-अठरा फूट वेल चढवतात, तिकडे ते शोभते. वेलीला हिवाळ्याची कडक झोप लागते आणि उन्हाळ्याचा लांब दिवस लागतो. जर्मनीत सोळा तासांचा दिवस असतो. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. आपल्या देशात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात हॉप्स पिकते, यवतमाळात पिकणार नाही. उद्या कोणी हॉप्सची रोपे आणि खरेदीचा करार घेऊन गावात आला तर जट्रोफा आठवा, इमू आठवा आणि त्याला आल्या वाटेने लावा.

परवानगी दिल्याने काय होते, याचे दाखले आहेत. इंग्लंडने १९६३ साली घरगुती बिअरचे लायसेन्स रद्द केले. अमेरिकेने १९७८ साली कायदा करून दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर, बिअर घरी करायची मुभा दिली, विकायची नाही. त्या वेळी त्या देशात बिअरचे कारखाने शंभराच्या आत होते, आज नऊ हजारांच्या वर आहेत, आणि त्यांतले कितीतरी घरच्या मडक्यापासून सुरू झाले. ज्वारीचे म्हणाल तर १९८८ साली नायजेरियाने जवाच्या माल्टची आयात बंद केली आणि मोठमोठ्या कंपन्या मुकाट्याने ज्वारी-मक्याकडे वळल्या. युगांडात २००२ साली एका कंपनीने एपुरिपुर नावाच्या ज्वारीपासून ईगल बिअर काढली, सरकारने तिचा कर कमी ठेवला. आमच्या पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत आज ताजी बिअर गाळायला परवाना मिळतो, पण माल्ट जवाचा आणि हॉप्स परदेशची. ज्वारीच्या राज्यात ज्वारीला तेवढी जागा नाही.

कापसाच्या जोडीला ज्वारी होती तोवर घरात भाकर होती, गोठ्यात कडबा होता. ती गेली आणि तिच्या रानात सोयाबीन आले, कारण तिला गिऱ्हाईक उरले नाही. गिऱ्हाईक नव्हते असे नाही, त्याला आमच्या दारापर्यंत येऊ दिले नाही.

आज कोणी मडके लावून पोलिसाच्या हाती सापडावे असे आम्ही सांगत नाही. एका घराची अटक म्हणजे आंदोलन नव्हे, जामिनाचा खर्च तेवढा होतो. जिल्हा बैठकीपुढे ठराव ठेवतो आहोत, त्यावर बोला. एक, स्वतःच्या शेतातल्या धान्याची आंबवलेली बिअर ठरावीक मर्यादेत, घरच्यापुरती, न विकता करण्यास कायद्यात सूट द्यावी; भट्टी लावून दारू गाळण्यास नको. दोन, गावपातळीवरच्या छोट्या ज्वारी माल्ट कारखान्याला द्राक्ष प्रक्रियेइतक्याच सवलती द्याव्यात. तीन, बिअरची विक्री कुठल्याही गावात बायांच्या मतदानाशिवाय सुरू होऊ नये, आणि जिथे बायांनी बाटली आडवी केली आहे तिथे ती आडवीच राहावी. तिसरे कलम मान्य नसेल त्यांनी पहिल्या दोनांसाठी हात वर करू नये. मतदान आधी महिलांच्या बाजूने घेऊ.