मुखत्यारपत्र कोणते?

संपादक महाशयांस,



माळेगाव वसाहतीतील कारखानदारांनी खरेदीची देयके स्वयंचलित बुद्धियंत्राच्या हवाली निर्धास्तपणे करावीत, कारण संकेतशब्द आपल्याच हाती असतो, हे मागील अंकातील पत्रलेखकांचे विधान मला मुळातच सदोष वाटते. संकेतशब्द ओळख पटवितो. अधिकाराची मर्यादा ठरवीत नाही. कुलमुखत्यारपत्र आणि विशिष्ट कामापुरते मुखत्यारपत्र यांत आपण जो भेद करतो, तो येथे अधिकच अगत्याचा आहे. कारण पुरवठादाराच्या पत्रातील मजकूर कोणता आणि धन्याची आज्ञा कोणती, हे या यंत्रास खात्रीने ओळखता येत नाही, आणि त्या मजकुरात कोणा लबाडाने 'बँकेचे खाते बदलावे' असे घुसडले, तर तीच आज्ञा मानून ते आपल्याच संकेतशब्दाने रक्कम परभारे रवाना करू शकते. आज्ञेची मर्यादा आखण्याची रीत जुनीच आहे: शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तबाची मुद्रा उमटे. तिच्यापुढे मजकूर नाही, हा तिचा अर्थ. रिझर्व्ह बँकेनेही दर वेळच्या निराळ्या संमतीवाचून होणाऱ्या नियतकालिक आपोआप वजावटीस २०२२ साली सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांची मर्यादा ठेवली. यंत्रास वाचनाचा अधिकार खुशाल द्यावा. परंतु पैसे देण्याचा हुकूम मनुष्याच्या मोर्तबावाचून सुटू नये, आणि यंत्रास खोडता न येणाऱ्या दप्तरात प्रत्येक कृतीची नोंद राहावी.

आपला,
एक वाचक, सिन्नर