खाण बंद झाली, तरी पाण्याची वही चालू ठेवा

खाण बंद पडली म्हणजे पाण्याचा प्रश्न मिटला, असं समजू नका. गोव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. पण उघड्या ढिगाला हुकूम कळत नाही. पाऊस आला की माती ओढ्यात उतरतेच.

आपल्या बोरीच्या खोऱ्यात नाल्याकाठी सोडलेली दगड-मुरुमाची खाण असेल, तर ग्रामपंचायतीने दर पंधरवड्याला खाणीच्या वर आणि खाली पाणी मोजावे. नाल्याचा १० मीटर सरळ भाग घ्या, काडी सोडा, सेकंद मोजा. पाणी १ मीटर रुंद, २० सेंटिमीटर खोल आणि काडीला २० सेकंद लागले, तर प्रवाह सेकंदाला १०० लिटर येतो. तळाशी पाणी सावकाश वाहते, म्हणून पाचवा हिस्सा वजा करा. राहिले ८० लिटर.

दोन्हीकडचे पाणी बाटल्यांत रात्रभर ठेवा. खाणीखालच्या बाटलीत गाळ जास्त बसला, तर नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. तोंडी तक्रार हवेत विरते, तारीखवार वही मात्र साक्ष देते. पहिली नोंद याच पंधरवड्यात करा.