बँकांची चौकशी झाली, दंडही झाला. ज्याचं घर गेलं त्याला काय मिळालं?

पुण्या-मुंबईत कर्ज काढून फ्लॅट घेतलेलं एखादं तरी पोरगं आता बहुतेक गावांत आहे. त्यामुळे दिल्लीकडची म्हणून सोडून द्यावी अशी ही बातमी नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला दिल्ली परिसरातल्या गृहप्रकल्पांबाबत २२ गुन्हे नोंदवायला परवानगी दिली. आरोप आहे बिल्डर आणि कर्ज देणाऱ्या संस्थांच्या संगनमताचा. पुढे मुंबई, बंगळुरू, कोलकाता अशा शहरांमधले प्रकल्पही या तपासात आले.

प्रकरण समजायला सोपं आहे. कर्ज ग्राहकाच्या नावावर, पण पैसे बँकेने थेट बिल्डरला दिले. ताबा मिळेपर्यंत हप्ते बिल्डर भरणार, असा करार. बिल्डरने मध्येच हप्ते थांबवले, इमारत अर्धवट राहिली आणि बँकेची नोटीस आली ती ग्राहकाच्या दारात. घर नाही, भाडं चालू आणि वर डोक्यावर कर्ज. काम पुढे सरकलंय का हे नीट न बघता बँकांनी पैसे सोडलेच कसे, हा प्रश्न आता तपासाचा आहे. आरोप अजून सिद्ध व्हायचे आहेत.

पण लोक विचारतात ते वेगळंच. अशा चौकशीतून आपल्या हातात काय पडतं? याचं उत्तर शोधायचं तर अमेरिकेकडे बघावं लागतं. घरकर्जाच्या घोटाळ्यात मोठ्या बँकांची सर्वात मोठी सरकारी चौकशी तिथे झाली, आणि तिचा हिशेब आता पूर्ण झालेला आहे.

एका मिनिटात एक सही

२००८ च्या मंदीत अमेरिकेत लाखो लोकांचे हप्ते थकले आणि बँकांनी घरं जप्त करायचा सपाटा लावला. मेन नावाच्या उत्तरेकडच्या राज्यात एका बाईचं साधं घर असंच जप्तीला निघालं. तिची केस घेतली एका निवृत्त वकिलाने, तीही फुकट. गंमत म्हणजे हा वकील आधी बँकेच्या बाजूने जप्त्या करायचा, त्यामुळे कुठे बोट ठेवायचं ते त्याला बरोबर ठाऊक होतं. त्याने बँकेचं प्रतिज्ञापत्र हातात घेतलं आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्यालाच शपथेवर जबाब द्यायला बोलावलं.

जबाबात जे बाहेर आलं त्याने देश हादरला. हा माणूस महिन्याला आठ-दहा हजार कागदांवर सह्या करत होता. महिन्याचे २५ दिवस आणि रोजचे आठ तास धरा, एका कागदाला जेमतेम दीड मिनिट येतं. प्रतिज्ञापत्रात लिहिलेलं असायचं की मी हिशेब स्वतः तपासला आहे. प्रत्यक्षात तो कागद वाचतही नव्हता आणि नोटरीसमोर सहीही करत नव्हता. सप्टेंबर २०१० मध्ये न्यायाधीशाने बँकेच्या बाजूने आधी झालेला हुकूम रद्द केला आणि वकिलाचा खर्च कंपनीवर टाकला. त्याच महिन्यात त्या कंपनीने, म्हणजे जीएमएसीने, २३ राज्यांमधल्या जप्त्या थांबवल्या. मागोमाग इतर मोठ्या बँकांचेही असेच सह्या करणारे लोक सापडले. तिकडे त्यांना नाव पडलं ‘रोबो सायनर’, सह्या ठोकणारं यंत्र.

जॉर्जिया राज्यातल्या डॉकएक्स या कंपनीत तर कहर होता. बँकांना जप्तीसाठी लागणारे कागद ही कंपनी घाऊक तयार करून द्यायची. एकाच बाईच्या नावाने वेगवेगळ्या हस्ताक्षरांत सह्या, आणि प्रत्येक कागदावर ती वेगळ्याच बँकेची मोठी अधिकारी! असे दहा लाखांहून जास्त खोटे कागद सरकारी दप्तरात गेले. आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या अंगठ्याने खरेदीखत झाल्याच्या गोष्टी पारावर रंगतात. तिथे हाच प्रकार कारखाना टाकून चालला होता.

आता मूळ प्रश्न असा, की खरे कागद होते तर खोटे का करावे लागले? इथे खरी मेख आहे, आणि सातबारा ज्याला कळतो त्याला ती लगेच कळेल.

आपल्याकडे जमिनीवर कर्ज काढलं की इतर हक्कात बोजा चढतो, फेरफार होतो. अमेरिकेतही गहाणखत जिल्ह्याच्या दप्तरात नोंदवायची पद्धत होती, आणि कर्ज एका बँकेने दुसरीला विकलं की पुन्हा नोंद, पुन्हा फी. पण १९९० नंतर बँका कर्जं विकण्यातच जास्त पैसा करू लागल्या. हजारो घरकर्जांची मोळी बांधायची, तिचे रोखे करायचे आणि ते गुंतवणूकदारांना विकायचे. दर वेळी फी कोण भरणार? म्हणून १९९५ मध्ये बँकांनी मिळून ‘मर्स’ नावाची आपलीच संगणकी नोंदवही काढली. सरकारी दप्तरात मालक म्हणून मर्सचं नाव लावायचं आणि आतल्या आत कर्ज कितीही वेळा विकायचं. पुढे सुमारे सहा कोटी कर्जं त्या वहीत गेली. थोडक्यात, तलाठी दप्तराला वळसा घालून सावकारांनी स्वतःचाच सातबारा सुरू केला.

घरं वर जात होती तोवर कुणी विचारलं नाही. हप्ते थकल्यावर कोर्ट म्हणालं, दाखवा तुमचा हक्क. आणि अनेक बँकांना तो दाखवता येईना. जानेवारी २०११ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन मोठ्या बँकांनी केलेल्या जप्ती-विक्री रद्द ठरवल्या. कारण एकच, लिलाव केला त्या दिवशी गहाणखत आपल्या ताब्यात होतं हे त्यांना सिद्ध करता आलं नाही. कर्जदाराने हप्ते थकवले होते, यात वाद नव्हता. तरी विक्री रद्द झाली.

आकडा सव्वा लाख कोटींचा, चेक दीड हजाराचा

ऑक्टोबर २०१० मध्ये सगळ्या ५० राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलांनी मिळून चौकशी सुरू केली. ९ फेब्रुवारी २०१२ ला तडजोड जाहीर झाली. एका बाजूला केंद्र सरकार आणि ४९ राज्यं. दुसऱ्या बाजूला बँक ऑफ अमेरिका, जेपी मॉर्गन चेस, वेल्स फार्गो, सिटी आणि अ‍ॅली, म्हणजे आधीची जीएमएसी. रक्कम २,५०० कोटी डॉलर, त्या वेळच्या भावाने सव्वा लाख कोटी रुपये. पेपरांचे मथळे तेवढेच झाले.

पण रक्कम उलगडून बघा. यातले रोख पैसे सुमारे ५०० कोटी डॉलरच. बाकी सगळं कर्ज कमी करणं, व्याज उतरवणं अशा सवलतींच्या रूपात. रोख पैशातले सुमारे १५० कोटी डॉलर घर गमावलेल्या लोकांसाठी ठेवले. साडेनऊ लाखांहून जास्त लोकांना ते वाटले, तेव्हा एकेकाच्या वाट्याला आले सुमारे १,४८० डॉलर. घर गेलं, आणि बदल्यात दोनेक महिन्यांचं भाडं. राज्यांना मिळालेल्या पैशातला काही भाग तर काही राज्यांनी आपल्या बजेटची तूट भरायला वापरला.

दुसरी चौकशी बँकिंग नियंत्रकांनी लावली होती. जप्तीच्या फाईली तपासायच्या आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला भरपाई द्यायची, हे कागदावर उत्तम होतं. तपासायला नेमलेले सल्लागार मात्र बँकांनीच नेमायचे आणि पैसेही बँकांनीच द्यायचे. सल्लागारांचं बिल जवळपास २०० कोटी डॉलरवर गेलं आणि तपास काही संपेना. शेवटी जानेवारी २०१३ मध्ये तो गुंडाळला आणि ४२ लाख कर्जदारांना ३६० कोटी डॉलर सरसकट वाटायचं ठरलं. कमीत कमी चेक होता ३०० डॉलरचा. त्यातही पहिल्या वाटपातले काही चेक बाऊन्स झाले! ज्या खात्यातून पैसे द्यायचे त्यात रक्कमच वळवलेली नव्हती. एवढं झाल्यावर माणसाने हसावं की रडावं.

गुंतवणूकदारांना खराब कर्जांचे रोखे विकल्याबद्दल पुढे आणखी मोठे दंड झाले. जेपी मॉर्गनला २०१३ मध्ये १,३०० कोटी डॉलर, सिटीला २०१४ मध्ये ७०० कोटी आणि बँक ऑफ अमेरिकेला त्याच वर्षी १,६६५ कोटी. हा पैसा गेला कंपन्यांच्या तिजोरीतून, म्हणजे भागधारकांच्या खिशातून. निर्णय घेणाऱ्या बड्या साहेबांना हात लागला नाही. मार्च २०१३ मध्ये खुद्द अ‍ॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी संसदेच्या समितीसमोर मान्य केलं, की काही संस्था इतक्या मोठ्या झाल्यात की त्यांच्यावर खटला भरणं अवघड होतं.

तुरुंगात कोण गेलं? डॉकएक्सची प्रमुख बाई, पाच वर्षांसाठी. कागद करून देणारी कंपनी अडकली, ते मागवणाऱ्या बँका दंड भरून मोकळ्या. न्यूयॉर्कच्या चायनाटाऊनमधल्या अ‍ॅबॅकस या छोट्या, एका घराण्याच्या बँकेवर मात्र फौजदारी खटला उभा राहिला. तिथला गैरप्रकार बँकेने स्वतःच शोधून कळवला होता. २०१५ मध्ये ती सगळ्या आरोपांतून सुटली.

या सगळ्यात कर्जदाराला खरा उपयोग झाला तो कोर्टात कागद मागण्याचा. मेनमधली बाई आणि मॅसॅच्युसेट्समधले कर्जदार, यांच्या बाजूने हुकूम झाले ते तडजोडीच्या आधी.

आपल्याकडे यातलं काय लागू पडतं? मेनमध्ये बँकेला कोर्टाची पायरी चढावी लागली. आपल्याकडे २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊ शकते. आधी ६० दिवसांची नोटीस यायला हवी. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली, तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. नोटीस कपाटात टाकून देणारे लोक हे दिवस फुकट घालवतात. शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही. तिच्या वसुलीच्या वाटा वेगळ्या आहेत. बिनशेती प्लॉट आणि शहरातला फ्लॅट मात्र यात येतात.

कर्ज फिटल्यावरचीही एक गोष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३ पासून घरकर्ज पूर्ण फिटलं की ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा, हे बँकेचं काम आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. सहकारी बँका आणि फायनान्स कंपन्यांनाही हे लागू आहे. कागद हरवले असतील तर नक्कल काढून देण्याचा खर्च बँकेचा, त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात. पीककर्ज यात धरलेलं नाही. त्याचा निल दाखला घेऊन, इतर हक्कातून बोजा कमी झाला का हे मोबाईलवर सातबारा उघडून आपणच बघायचं.