बोल्ट कोणता घ्यावा, कसा आवळावा?



बोल्ट ही काय लिहायची गोष्ट आहे का, असे तुम्ही म्हणाल. मीपण तसेच म्हणत होतो. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी एका बोल्टापायी सगळी आळी पाण्याला महाग झाली.

हापशाच्या डोक्याला पुढून एक झाकण असते. ते बोल्टाने बसवलेले असते. आत साखळी असते. तिला वेळच्या वेळी ग्रीस लावावे लागते. तिथला बोल्ट साधा लोखंडी होता, तो गंजून जाम झाला. झाकण उघडेना, म्हणून ग्रीस लावायचे राहून गेले. एक दिवस कडकन आवाज झाला अन् साखळी तुटली. बोल्ट छन्नीने तोडावा लागला. नवी साखळी यायला चार दिवस गेले. माझी आजी रोज मळ्यातल्या विहिरीवरून घागर आणायची. मी तिच्यासंगं कळशी घेऊन जायचो. रात्री आजीची मान दुखायची.

हा हापसा साधासुधा नाही. सोलापूरच्या हापशावरून १९७० नंतरच्या दहा वर्षांत भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून 'इंडिया मार्क २' हा हापसा तयार केला. तो सुमारे ५० मीटर खोलीपर्यंतचे पाणी वर काढतो. पुढे तो आफ्रिकेतल्या गावांतही गेला. एवढा गुणाचा हापसा, पण बोल्ट जाम झाला की तोही हात टेकतो!

म्हणून माझे मत असे आहे की, जिथे पाणी लागते तिथे स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू व बोल्ट घ्यावेत. या पोलादात क्रोमियम नावाचा धातू निदान दहा-साडेदहा टक्के असतो. त्याचा हवेशी संबंध आला की वर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो. ओरखडा पडला तरी थर पुन्हा धरतो, म्हणून सहसा गंज चढत नाही. इंग्लंडातल्या शेफील्ड गावी हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली असे पोलाद केले होते.

पण दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी स्क्रूही नवा असताना चकाकतो. मुलामा गेला की तो गंजतो. म्हणून दुकानात नीट विचारून घ्यावे. स्टेनलेसला पैसे जास्त पडतात हे खरे. पण आजीच्या चार दिवसांच्या खेपा कोणी मोजल्या?

आता आवळायचे कसे? मला आधी वाटले, सगळीकडे हाताने फिरवायचे दोन कानांचे नट लावावेत. पाना शोधायची कटकटच नको! पण आजोबा म्हणाले, "अरे, हापशाला तसला नट लावला तर पोरं झाकण उघडून खडे टाकतील. आणि हापसा दिवसभर हलतो. हाताने आवळलेला नट ढिला होऊन पडंल." मला ते पटले. हापशाला पान्यानेच आवळलेला बोल्ट पाहिजे. आमच्या घरच्या कूलरची जाळी मात्र गवत बदलायला सारखी काढावी लागते. तिथे हाताचा नट बरा. बाबांनी तसे नट लावले. आता जाळी काढायला पेचकस लागत नाही. फक्त आधी प्लग काढायचा, हे विसरू नये.

आणखी एक. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टावर जोरात आवळला तर कधी कधी आटे एकमेकांना धरून बसतात. म्हणून आधी थोडे ग्रीस लावावे व सावकाश फिरवावे.

पालकांनो, आज घरी गेल्यावर आपल्या आळीतल्या हापशाचा बोल्ट एकदा बघा. तांबडा पडला असेल तर उन्हाळ्याआधीच बदलायला सांगा. हापसा बंद पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा एक बोल्ट आधी बदललेला बरा, असे मला वाटते.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी, जवळा बाजार