साखरेवरचे नवे औषध मुरूडपर्यंत पोहोचावे

जीएलपी-1 गटातील औषधे आपल्याकडे ‘वजन उतरवणारे इंजेक्शन’ म्हणून गाजली. मुळात ती मधुमेहाची औषधे आहेत. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-1 हे संप्रेरक स्रवते. स्वादुपिंडाच्या पेशींवरील रिसेप्टरला ते जोडले गेले, की साखर वाढलेली असतानाच जास्त इन्सुलिन सुटते. शरीर हे संप्रेरक काही मिनिटांत नष्ट करते. शास्त्रज्ञांनी त्याच रिसेप्टरला जोडले जाणारे, पण टिकाऊ रेणू घडवले. लिराग्लुटाइड रोज, तर सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा टोचावे लागते.

मधुमेहासोबत हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आणि लठ्ठपणा असलेल्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2025 मध्ये ही औषधे अत्यावश्यक यादीत घेतली. म्हणजे ही श्रीमंतांची चैन नव्हे.

प्रश्न किमतीचा आहे. मुंबईच्या ग्लेनमार्कने जानेवारी 2024 मध्ये लिराग्लुटाइड स्वस्तात आणले, तरी दिवसाचा खर्च सुमारे 100 रुपये होता. महिन्याला 3000 रुपये मुरूड-श्रीवर्धनच्या मच्छीमाराने कुठून आणायचे? सेमाग्लुटाइडच्या मूळ भारतीय पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतची. पेटंट संपले की अनेक कंपन्या उतरतात, किंमत घसरते. मात्र बाजारात स्वस्त झालेले औषध गरिबाच्या हातात आपोआप पडत नाही.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. पण जे औषध भांडारातच नाही, ते मोफत कसे मिळणार? म्हणून शासनाने ही औषधे एकत्रित खरेदीने घ्यावीत आणि अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातून गरजू रुग्णांना द्यावीत. ती थंड ठेवावी लागतात, त्यामुळे तालुक्यापर्यंत शीतसाठ्याची सोयही हवी. ज्या रायगडात पाताळगंगेला औषधांचे कारखाने आहेत, तिथल्या रुग्णाने औषधावाचून राहू नये.

एक इशाराही द्यायला हवा. मळमळ, उलट्या असे त्रास या औषधांनी होतात. डॉक्टरांशिवाय ती घेऊ नयेत. मेटफॉर्मिन, मोजका भात आणि रोजचे चालणे यांची जागाही ती घेत नाहीत.

औषध शोधणे शास्त्रज्ञांचे काम होते, ते त्यांनी केले. ते पोहोचवणे शासनाचे काम आहे. आणि ग्रामसभेत, मोहल्ल्याच्या बैठकीत, आमदारांसमोर त्याची मागणी लावून धरणे हे आपले.