एक करीम, नंबर दोन

उर्दू शाळांमध्ये आता मुलांच्या याद्या मोबाईलवर तयार होतात. त्यात एक तक्रार आमच्या कानावर वारंवार येते. यादीत 'करीम' हे नाव डोळ्यांना स्वच्छ दिसतं, पण शोधायला गेलं की 'सापडले नाही' असं उत्तर मिळतं. पालक म्हणतात, मुलाचं नावच घेतलं नाही. शिक्षक म्हणतात, हे काय समोर आहे! दोघंही खरं बोलत असतात.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. मराठी 'क' त्याच्या लेखी 2325 आहे. पूर्वी फाँटागणिक हा हिशेब वेगळा असे, म्हणून एका ठिकाणी टाईप केलेलं मराठी पत्र दुसरीकडे इंग्रजी कचऱ्यासारखं उघडायचं. 1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या लिप्यांसाठी एकच सामाईक यादी आणि अक्षराला कायमचा नंबर.

आता करीमकडे येऊ. काफ, रे, ये, मीम. उर्दू कीबोर्डवर त्यांचे नंबर 1705, 1585, 1740, 1605. अरबी कीबोर्डवर तेच नाव लिहिलं तर 1603, 1585, 1610, 1605. रे आणि मीम सामाईक आहेत, काफ आणि ये मात्र वेगळे. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये ही अक्षरं दोन्हीकडे सारखीच दिसतात, त्यामुळे माणूस फसतो. संगणक आकडे जुळवतो आणि नाही म्हणतो. काही प्रोग्रॅम हा फरक सांभाळून घेतात, पण सगळे नाहीत.

मग दोन नंबर दिलेच कशाला? कारण शब्दाच्या शेवटी रूप बदलतं. अरबी येच्या खाली दोन नुक्ते येतात, उर्दू छोटी ये मोकळी राहते. आमच्या मते ही विभागणी योग्यच आहे. घोटाळा होतो तो 'लिपी एकच आहे, कुठलाही कीबोर्ड चालेल' या समजुतीने.

घरच्या घरी तपासायचं असेल तर मोबाईलवर 'अली' लिहून पाहा. शेवटी खाली दोन नुक्ते आले तर कीबोर्ड अरबी आहे. सेटिंगमध्ये जाऊन उर्दू निवडावा. जुनी यादी हाताने दुरुस्त करायची गरज नाही. 'शोधा आणि बदला' वापरून अरबी काफ आणि ये यांच्या जागी उर्दू अक्षरं एका दमात घालता येतात. मात्र त्याच फाईलमध्ये आयती किंवा दुआ असतील तर त्या आधी बाजूला काढून ठेवा. त्यांची अक्षरं अरबीच राहिली पाहिजेत.